दहावी-बारावीचे खासगी क्लास: खान्देशातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये पाऊस येवो न येवो, क्लासचे फ्लेक्स मात्र वेळेवर लागतात. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, चाळीसगाव, कुठल्याही स्टँडवर उतरून बघा. त्याच दिवसांत भेटेल तो सोयरा विचारतो, "पोऱ्याले क्लास लाया का?" आणि पेरणीला ठेवलेल्या पैशांतून पहिला हप्ता जातो. पालक मला जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी तालुक्याच्या एका अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवतो, क्लास घेत नाही. माझं मत शाळेकडे थोडं झुकलेलं असणारच, ते धरूनच वाचा.

सरळ सांगा सर, क्लास लावला की मार्क वाढतात का?

काहींचे वाढतात, बऱ्याच जणांचे आहेत तिथेच राहतात, आणि काहींचे उतरतातही. उतरतात कारण दिवसातले तीन-चार तास जाण्यायेण्यात आणि बाकावर बसण्यात जातात, मग स्वतःच्या हाताने लिहायला वेळच उरत नाही.

गोंधळ होतो तो तुलना करताना. "आमच्या गावात क्लास लावलेली पोरंच पुढे असतात" हे खरं आहे. पण क्लास कोणाच्या घरी परवडतो? जिथे एक पगार येतो, आई शिकलेली आहे, अभ्यासाला वेगळी खोली आहे, सुटीच्या दिवशी निंदणीला जावं लागत नाही, तिथे. ही पोरं क्लास काढून घेतला तरी पुढेच राहिली असती. त्यांच्या मार्कांतला किती वाटा क्लासचा आणि किती घराचा, हे नुसत्या डोळ्यांनी वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढायचं तर कोणाला जादा शिकवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. असा प्रयोग आपल्याच बाजूला झाला आहे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमल्या: वस्तीतलीच शिकलेली तरुणी, मागे पडलेली मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि त्यांना येत नसलेलंच शिकवायची. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये मांडले. मार्क वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते सगळ्यात मागे असलेल्यांचे. (या दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.) मुलं प्राथमिकची होती, दहावीची नव्हेत, हे खरं. तरी माझ्या वर्गात मला जे दिसतं ते याच्याशी जुळतं. नेमकं अडलेलं कोणी शोधून, लहान गटात बसवून, रोज शिकवलं तर फरक पडतो. ऐंशी पोरांच्या बॅचमध्ये धडा पुन्हा एकदा ऐकला तर पडतो तो फरक फार थोडा.

दक्षिण कोरियात तर क्लासचं वेड इतकं, की सोलमध्ये रात्री दहाला क्लास बंद करायचा नियम करावा लागला. तिथल्या अभ्यासांतही सरासरी फायदा खर्चाच्या मानाने किरकोळच दिसतो.

मग फ्लेक्सवरची ९६ टक्क्यांची पोरं खोटी का?

पोरं खरी, टक्के खरे. फ्लेक्सवर फक्त एक आकडा नसतो: बॅचमध्ये एकूण किती होते. पहिल्या बारांचे फोटो लावलेल्या क्लासमध्ये दोनशे पोरं असतील, तर उरलेल्या १८८ जणांचं काय झालं ते विचारा. त्या बारांना नववीत किती होते तेही विचारा. नववीत ९२ असलेल्याला दहावीत ९४ मिळवून दिले, यात क्लासने काय कमावलं?

हुशार पोरांना फी माफ करून घेणारे क्लास आपल्याकडे आहेत. एकाच मुलीचा फोटो दोन फ्लेक्सवर दिसला तर नवल वाटू देऊ नका, एकीकडे ती रोज जायची आणि दुसरीकडे टेस्ट सिरीजला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि यशाची हमी देता येत नाही. तुमच्या मुलीचा फोटो न विचारता लागला असेल तर काढायला सांगा.

बोर्डाच्या पेपरात क्लासला वाव तरी किती?

हा प्रश्न पालक कमी विचारतात, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा तपशिलात जातो.

दहावीला सहा विषय, ६०० गुण. टक्के निघतात ते सर्वोत्तम पाच विषयांचे, म्हणजे ५०० पैकी. प्रत्येक विषयातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे किंवा प्रात्यक्षिकाचे, ते शाळेच्या हातात. तिथे क्लासचा काहीच संबंध नाही, तिथे वेळेवर पूर्ण केलेली वही आणि हजेरी लागते.

आता गणित. भाग १ आणि भाग २, दोन्ही ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. पहिला प्रश्न ८ गुणांचा, दुसरा १२ गुणांचा, आणि या दोन्हीत एक-दोन गुणांची साधी उदाहरणं. म्हणजे निम्मा पेपर पुस्तकातल्या सरावसंचांवर निघतो. तिसऱ्या प्रश्नात ३ गुणांची कृती असते, चौकटी भरायची. डोकं लावायला लागतं ते चौथ्या आणि पाचव्या प्रश्नात, तिथे मिळून ११ गुण. ज्याला ४० पैकी १५ पडतात त्याचा क्लास आणि ३५ पडतात त्याचा क्लास एक असूच शकत नाही, कारण एकाचे गुण पहिल्या पानावर गळतात आणि दुसऱ्याचे शेवटच्या. गावोगावच्या क्लासमध्ये मात्र दोघं एकाच बाकावर बसतात.

पेपरची रचना बदलली की काय होतं तेही बघा. २०१८ ला राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम नवा आला, भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, आणि निकाल ७७.१० वर आला. अंतर्गत गुण परत आले तेव्हा, २०२० मध्ये, तो ९५.३० टक्के. त्या तीन वर्षांत राज्यातले क्लास आधी बिघडले आणि मग सुधारले असं तर कोणी म्हणणार नाही ना?

कोणत्या विषयाचा क्लास लावू?

सगळ्या विषयांचं पॅकेज घेऊ नका. इतिहास, भूगोल, मराठी, हिंदी यांना क्लास लागत नाही, वाचन लागतं.

लावायचाच तर गणित किंवा इंग्रजी, आणि तोही पोरगं नेमकं कुठे अडतं ते बघून. माझ्या वर्गात भूमितीत नापास होणारी बरीच पोरं खरं तर भूमितीत अडलेली नसतात. त्यांना अपूर्णांकांचा गुणाकार सहावीपासूनच येत नाही, त्यामुळे समरूपतेत गुणोत्तर मांडतात आणि तिथेच थांबतात. अशा पोराला दहावीचा क्लास म्हणजे केळीला ठिबक सोडून पाटाने पाणी देणं. वावर ओलं, मूळ कोरडं. त्याच्याजवळ बसून कोणी महिनाभर सहावी-सातवीचं गणित घेतलं तर दहावीचं निम्मं तो स्वतः करतो.

(गणिताची शिकवणी खान्देशाला काही आजची नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. मठाला जमीन आणि कर नेमून दिले होते, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बापावर हप्ता नव्हता.)

इंग्रजीबाबत आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, त्यावर इंग्रजी. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूरच्या पोरांची घरची बोली भिली, पावरी किंवा मावची, म्हणजे त्यांना आणखी एक पायरी चढायची. अशा पोराला तालुक्याच्या क्लासमध्ये शहरी पोरांच्या रांगेत बसवलं की ते शंका विचारायलाच लाजतं. गावातला बारावी-पदवी झालेला, त्याची बोली समजणारा दादा किंवा ताई रोज तासभर बसली, तर मला तो जास्त चांगला सौदा वाटतो. बालसखी तरी दुसरं काय होती?

आमची शाळा बुडते कापूस वेचणीत. क्लासने ती भरून निघेल का?

दिवाळीच्या आसपास माझा वर्ग अर्धा होतो. मजूर मिळत नाहीत, वेचणीचा दर वाढलेला, बोंड फुटलेलं, वरून अवकाळीची भीती. आईबाप पोराला वावरात नेतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. नंदुरबारकडची कुटुंबं तर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे पोरगं महिनोन्महिने शाळेबाहेर राहतं.

पण भरून काढायला क्लास हा चुकीचा उपाय आहे, कारण तोही तुमच्यासाठी थांबत नाही. त्याची बॅच जूनला सुरू होते आणि डिसेंबरला अभ्यासक्रम संपवते. तुमचं पोरगं तिथेही तेवढंच गैरहजर राहतं आणि फी मात्र पूर्ण जाते. त्यापेक्षा वेचणीला जाण्याआधी वर्गशिक्षकाला भेटा, कोणते धडे होणार ते लिहून घ्या. एका मित्राच्या वह्या मिळण्याची सोय करा. परत आल्यावर त्या धड्यांपुरतंच शिकवणारा कोणी शोधा. जादा तास बऱ्याच शाळा घेतात, विचारलं तर आणखी घेतात. स्थलांतर करणाऱ्यांनी पोराला हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे ठेवता येतं का ते आधी बघावं. दहावीच्या वर्षी तरी त्याला फडावर नेऊ नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

मुलीला रोज एसटीने तालुक्याला पाठवायचं की नाही?

शाळा-कॉलेजला जाणाऱ्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. प्रश्न पैशांचा कमी, वेळेचा जास्त. क्लास सुटतो साडेसातला आणि गावची शेवटची गाडी असते सातला, असं असेल तर तो क्लास तुमच्यासाठी नाहीच. सकाळी सहाची बॅच, मग शाळा, मग संध्याकाळची टेस्ट, आणि झोप पाच तास, हेही नको. वेळापत्रक जुळत असेल आणि मुलगी स्वतः मागत असेल, तर नुसत्या भीतीपोटी अडवू नका. घरात मुलाला क्लास आणि मुलीला गाइड अशी वाटणी मी बरीच पाहिली आहे. निकाल बहुतेक वेळा मुलीचाच वर असतो, तो भाग वेगळा.

बारावी सायन्सला तरी क्लास लागतोच ना?

इथे प्रश्न दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

बोर्डाच्या परीक्षेसाठी म्हणाल तर गरज कमी आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचे लेखी ७० आणि प्रात्यक्षिकाचे ३० गुण. पुस्तक, जुने पेपर आणि नियमित प्रयोग एवढ्यावर चांगले मार्क पडतात.

पण अभियांत्रिकीचा प्रवेश आता बोर्डाच्या मार्कांवर नसतो. तिथे खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४० टक्के, एवढी पात्रता पुरते, पुढचं सगळं सीईटीवर. मेडिकलचं तसंच, नीटवर. नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकीला एक गुण वजा. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, पण वेळ तसाच कमी. ही वेगाची परीक्षा आहे. वर्णनात्मक उत्तरं लिहायची सवय तिथे कामाला येत नाही. कोणीतरी हजारो प्रश्न सोडवून घ्यावे लागतात, चुका मोजाव्या लागतात, आणि ते आपल्या बहुतेक कॉलेजांत होत नाही. म्हणून या परीक्षांना क्लासचा फायदा मला खरा वाटतो. पैसे असणाऱ्याला तो सहज मिळतो ही त्यातली वाईट गोष्ट, आणि ती लपवून उपयोग नाही.

पैसे नसतील तर आधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं बघा. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं, सोबत टॅब आणि इंटरनेट. अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात आणि बरीच पोरं तेवढ्यावरून हुकतात.

कॉलेजात नुसतं नाव आणि दिवसभर क्लास, असं 'इंटिग्रेटेड' प्रकरण आता तालुक्यापर्यंत आलं आहे. लातूर किंवा कोटा करून आलेले पाहुणे त्याचं कौतुक सांगतात. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: बोर्डाला लागणारी ७५ टक्के हजेरी कशी लागते, प्रयोगशाळा कुठे आहे, आणि पोरगं मधेच सोडून आलं तर पैशांचं काय.

शाळेतल्याच सरांचा क्लास लावला तर बरं नाही का?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. तरी कुठे कुठे चालतं, तुम्हालाही माहीत आहे. अंतर्गत २० गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांचाच क्लास, यात पालकाला नाही म्हणता येत नाही आणि पोराला वर्गात शंका विचारता येत नाही. जो भाग वर्गात गाळून क्लाससाठी राखला जातो, त्यावर तुमचा हक्क आधीच आहे. मुख्याध्यापकांकडे चार पालकांनी मिळून जावं, एकट्याने जाऊ नये.

यूट्यूबवर सगळं फुकट आहे, मग क्लास कशाला?

समजून घ्यायला यूट्यूब चांगलं. पण तुमच्या पोराची वही ते तपासत नाही.

क्लास बरा की वाईट, हे आम्हा अडाण्याला कसं कळणार?

फळ्यावर काय शिकवतात ते कळायची गरज नाही. क्लासमधल्या एखाद्या मधल्या पोराची वही मागा, टॉपरची नको. लाल शाई बघा. चूक दाखवली आहे का, पोराने ती पुन्हा करून दाखवली आहे का? दर महिन्याला पोराने स्वतः लिहिलेला आणि तपासलेला पेपर घरी येत नसेल, तर क्लास बदला. बॅचमध्ये किती पोरं आहेत ते उभं राहून मोजा. आठवडाभर बसून बघू द्या म्हणा, जो नाही म्हणेल तिथून उठा.

पैसे एकरकमी देऊ नका आणि पावती घ्या. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मधेच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, त्यामुळे कागद दाखवला की पैसे मिळतील असं समजू नका. पण बोलताना हे माहीत असलेलं बरं.

सगळ्यांनी लावला, आमचंच पोरगं राहिलं. चालेल का?

सगळ्यांनी लावलेला नसतो. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षण सर्वेक्षणात देशभरात सगळ्या इयत्ता मिळून २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जात होते. शहरांत जवळपास ३१ टक्के, खेड्यांत साडेपंचवीस. म्हणजे खेड्यातल्या चारांपैकी तिघांना क्लास नव्हता. स्टँडवरच्या फ्लेक्सवरून उलटंच वाटतं.

जानेवारीत लावला तर उपयोग होईल?

नवीन क्लासचा नाही होणार. परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, त्या काळात दुसऱ्याची नोट्स उतरवत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. जुने पेपर घ्या, घड्याळ लावा, गणिताला दोन तास आणि भाषेला तीन तास एका जागी बसवा. शाळेत वर्गखोली मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. लिहिलेला पेपर विषयशिक्षकाला दाखवा. गणितात उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, हे पोरांना तोंडपाठ असतं, पण पायऱ्या लिहायला हात वळत नाही, तो या दिवसांत वळवायचा.

एवढं करून निकाल कमी लागला तर?

आधी गुणपत्रकावर विषयवार बघा. मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर बोर्डाकडे उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ती हातात आल्यावर विषयशिक्षकासोबत बसून तपासा, आणि तथ्य असेल तरच पुनर्मूल्यांकनाला जा. मुदत थोडी असते, निकालाच्या आठवड्यातच ठरवा. जळगाव, धुळे, नंदुरबारला विभागीय मंडळ नाशिकचं, पण यासाठी नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्यात होते. त्या परीक्षेसाठी राहिलेल्या विषयापुरती, एकट्याची, महिनाभराची शिकवणी जरूर लावा. तिथे दिलेला पैसा मी सहसा वाया गेलेला पाहिलेला नाही.